३० गुंठ्यांचे १५०० रुपये

कडेगाव तालुका, जिल्हा सांगली. ऑक्टोबर २०२४. सोयाबीनची मळणी चालू आहे, रस्त्याकडेला भुसकट उडतंय, आणि पारावर बसलेला जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून.

"आलं का रं?"

"न्हाय अजून. खालच्या आळीत आल्यात म्हणं."

गोष्ट चाललीय ती मागच्या वर्षीच्या सोयाबीनच्या सरकारी अनुदानाची. २०२३ च्या ऑगस्टात पावसानं अशी दडी मारली की ऐन फुलोऱ्यात पीक करपलं. ऑक्टोबरअखेर राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. सांगलीतले शिराळा, मिरज, खानापूर आणि हा कडेगाव त्यात होते. हाती जे लागलं त्याला भाव नाही. हमीभाव क्विंटलला ४६०० रुपये, आणि नवीन वर्ष उजाडलं तसा बाजार त्याच्याही खाली गेला.

जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. सोयाबीन आणि कापसाला अनुदान, २० गुंठ्यांपर्यंत सरसकट १००० रुपये, त्यापुढं हेक्टरी ५०००, तेही २ हेक्टरपर्यंतच. म्हणजे गुंठ्याला ५० रुपये. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे पारावर कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

इथल्याच एका आजींचं रान ३० गुंठे, निम्म्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं. मालक गेल्यावर वारसनोंद झाली, पण सातबारा अजून सामायिक. त्यावर दिराचंही नाव आहे आणि दीर राहतो मुंबईला. अनुदान हवं तर आजींचं संमतीपत्र, आधार कार्ड, आणि शिवाय दिराची ना हरकत. तो कागद सही होऊन एसटीनं गावी यायला गणपती उजाडले. मग तो कृषी सहाय्यकाकडं. मूळ अट तर त्याच्याही आधीची: खरिपात ई-पीक पाहणी झालेली हवी. रानात उभं राहून, मोबाईलवर, पिकाच्या फोटोसकट. आजींकडं बटणाचा फोन आहे. त्यांची नोंद केली वाटेकऱ्याच्या पोरानं.

आता ह्या वाटेकऱ्याकडं बघा. पेरणी त्याची, कोळपणी त्याची, बियाणं आणि खत निम्मं-निम्मं. दुष्काळात त्याचंही तेवढंच गेलं. पण तो कुठल्याच कागदावर नाही. पीएम किसानचंही तेच. २४ फेब्रुवारी २०१९ ला पहिला हप्ता सुटला, वर्षाला ६०००, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. पुढं २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे आणखी ६०००. दोन्ही त्याला, ज्याच्या नावावर जमीन. पेन्शनवाले, इन्कम टॅक्सवाले वगळायचे, एवढा बारकावा नियमात आहे. दुसऱ्याचं रान कसणाऱ्याला मात्र रकाना नाही. इथं निम्म्यानं नाहीतर खंडानं रान करणारे प्रत्येक गल्लीत सापडतील.

त्याला आम्ही विचारलं, वाईट वाटतं का? तो बांधावरच्या गवतावर विळा चालवत राहिला. म्हणाला, "रान काढून घेतलं न्हाय, ते काय कमी हाय का?" कसणारा उद्या कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल ह्या धास्तीनं लोक तोंडीच व्यवहार करतात, कागद करत नाहीत. त्याच्याकडं दाखवायला काहीही नाही.

सोमवारी आजी तालुक्याला आल्या. बँकेत पासबुक छापायच्या मशीनपुढं रांग होती. ओळ उमटली: १५०० जमा. त्यांनी बोटानं आकडा चाचपला, पासबुक परत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, आणि सगळे काढायचे म्हणून स्लिप भरायला शेजारच्या पोरीला पेन मागितलं.

पाचशेच्या तीन नोटा आल्या. आजी खिडकीतून हलेनात.

"ह्यातली एक मोडून द्या की. साडेसातशे त्याचं हाईत."

"कुणाचे?"

"वाटेकऱ्याचं."

कॅशियर म्हणाला, सुट्टे नाहीत. आजी स्टँडकडच्या किराणा दुकानात गेल्या, पावशेर चहापूड घेतली, आणि उरलेल्या नोटा तिथंच काउंटरवर दोन जागी मोजून लावल्या.