मावशीचा ६४ टाक्यांचा मोजा (निवेदन)

[खिडकीतला उजेड. वर्तमानपत्रावर ठेवलेला ट्रेकिंगचा बूट. दोन हात आतलं सोल बाहेर काढतायत.]

मोजा विणायला घ्यायच्या आधी मावशीने पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे बूट. लोकर नंतर, सुया नंतर. "ज्या बुटात घालणारेस तो आण, आणि पुसून आण," एवढंच म्हणाली. आता बघा, बुटातलं ते पातळ सोल तिने बाहेर काढलं, फरशीवर ठेवलं आणि मला त्याच्यावर उभं केलं, सगळा भार एका पायावर टाकून. भार पडला की पाऊल पसरतं, त्यामुळे बसून घेतलेलं माप आणि उभं राहून घेतलेलं माप वेगळं येतं. तिच्या वहीत माझी दोन्ही मापं शेजारी शेजारी आहेत, चवड्याचा घेर बसून २२ सेंटीमीटर, उभं राहून २३. करंगळीच्या बाजूला सोलच्या कडेपर्यंत जेमतेम जागा, अंगठ्याच्या पुढे बोटभर.

ही जी उरलेली जागा आहे ना, मोजा तिथे राहणार आहे. आपण मोजा म्हटलं की पायाचा विचार करतो, बुटाचा करतच नाही. हाताने विणलेला मोजा जाड असतो, तो पायाला कितीही छान बसला तरी बुटात जागा नसेल तर बोटं एकमेकांवर चढतात आणि मग बूट चावतो. मावशीच्या मते चावतो तो बूट नसतोच बऱ्याचदा, आतली घडी असते, शिवण असते, नाहीतर एखादी गाठ असते.

मला हे राजगडावरून उतरताना कळलंय. गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाज्याची ती उतरण, प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, आणि माझ्या विकतच्या मोज्याची शिवण बरोब्बर करंगळीच्या नखावर. पायथ्याशी बूट काढला तेव्हा काय दिसलं ते दाखवत नाही, त्यानंतर पंधरा दिवस चप्पलच.

[पितळी डब्यातल्या सुया, लोकरीचा राखाडी गुंडा.]

या १३ नंबरच्या सुया, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या, पाचाचा संच. चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि पाचवीने विणत गोल गोल जायचं, त्यामुळे मोजाला बाजूची शिवण नाहीच. आणि ही लोकर, यात ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन. आमच्याकडे सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की पुण्याच्या उकाड्यात लोकर कशाला, सुती मोजे काय वाईट? सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, ओला झाला की सैल पडतो, सैल पडला की सरकतो आणि ओल्या कातडीवर कापड सरकलं की फोड आलाच. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा धाग्याच्या आत घेते तरी हाताला ओली लागत नाही. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रेलिक असतं, ते घाम शोषत नाही, पाय उकडून निघतो. ते स्वेटरला घ्या, मोज्याला नका घेऊ, हे मी अगदी हात जोडून सांगते. नायलॉन का तर नुसती लोकर टाचेला आणि चवड्याला लवकर विरते. एका जोडीला साधारण १०० ग्रॅम पुरते, म्हणजे ४०० मीटरच्या आसपास धागा.

[तळहाताएवढा विणलेला चौकोन, त्यावर पट्टी.]

हा नमुन्याचा तुकडा. बऱ्याच जणी हा टप्पा गाळतात आणि मग मोजा ढगळ झाला म्हणून हळहळतात. मावशीने तुकडा धुतला, वाळवला, मग पट्टी लावली. १० सेंटीमीटरमध्ये ३१ टाके. आता हिशोब. घेर २३, पण मोजा २३ चा विणायचा नाही. तो पायावर थोडा ताणूनच बसायला हवा, नाहीतर चालताना आत गोळा होतो. म्हणून दहावा भाग कमी करायचा, राहिले २०.७. गुणिले ३.१ टाके, आले ६४ आणि वर थोडंसं. चाराने भाग जाणारा आकडा, ६४. तिच्या वहीत हा हिशोब पेन्सिलने एका ओळीत आहे आणि खाली दोन रेघा.

टाके घालताना ती दोन सुया एकत्र धरते, बघा. त्यामुळे वरची कड सैल राहते, टाचेवरून सहज चढते आणि पोटरीवर वळ उठत नाही. मग दोन सुलट दोन उलट, दोन सुलट दोन उलट, घोट्यापर्यंत. सुलट म्हणजे समोरून गुळगुळीत दिसणारा टाका, उलट म्हणजे उंचवट्याचा. हा भाग आपण पटकन बघू, मावशी हा टीव्ही बघता बघता विणते.

[फोटो: लाल रंगाचा प्राचीन मोजा, अंगठा वेगळा.]

मधेच हा फोटो दाखवायचा मोह आवरला नाही. इजिप्तमध्ये सापडलेला हा मोजा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, दीड हजार वर्षांहून जुना. दोन सुयांवरचं विणकाम नाही हे, एकाच सुईने धाग्याचे फास गुंतवत केलेलं काम आहे. पण अंगठा बघा, वेगळा का? तर सँडलचा पट्टा त्या फटीतून जावा म्हणून! ज्याने कोणी तो केला त्याने आधी पायताण बघितलं होतं. मावशीला मोबाईलवर दाखवला तर तिने तो मोठा करून टाचच बघितली आधी.

[टाच. अगदी जवळून सुया.]

आता टाच. इथे आम्ही कॅमेरा दोन दुपार लावून ठेवला होता आणि माझ्यासाठी अख्ख्या व्हिडिओत हाच भाग महत्त्वाचा आहे. ६४ पैकी निम्मे, ३२ टाके, एका सुईवर घेतले, उरलेले ३२ पावलाच्या वरच्या बाजूचे, ते तसेच थांबले. आता गोल नाही, पुढे-मागे विणायचं. सुलट ओळीत एक टाका नुसता उचलून घ्यायचा, न विणता, पुढचा विणायचा, परत एक उचलायचा, एक विणायचा. उलट ओळीत पहिला टाका उचलायचा, बाकी सरळ सगळे उलट. दिसायला बारीक उभ्या रेघा दिसतात, पण आतून बघा, उचललेल्या प्रत्येक टाक्याच्या मागून धागा आडवा गेलाय. म्हणजे आपोआप दुहेरी कापड तयार झालं, वेगळं काही न जोडता. बुटाची मागची कड जिथे घासते नेमकी तिथे ही गादी येते.

अशा ३२ ओळी. पट्टी तयार झाली पण टाच काही सपाट नसते, तिला खोली पाहिजे. म्हणून टाच वळवायची. मावशी ओळ अर्ध्याच्या जरा पुढे विणते, दोन टाके एकत्र घेते, एक विणते आणि सुई फिरवून परत निघते, ओळ पूर्ण न करताच! तिकडे जाऊन तेच. दर ओळीला थोडं थोडं पुढे. १४ ओळी झाल्या की ३२ चे १८ टाके राहतात आणि कापड स्वतःहून वाटीसारखं वळलेलं असतं. मी लहानपणापासून हे बघतेय, तरी प्रत्येक वेळी त्या वाटीत बोट घालून बघावंसं वाटतंच.

आता पट्टीच्या दोन्ही कडांनी टाके उचलायचे. ३२ ओळी होत्या, कडेला १६ कड्या दिसतात, तेवढेच टाके, प्रत्येक बाजूला १६. कोपऱ्यात भोक राहू नये म्हणून एक जास्तीचा उचलते आणि पुढच्याच फेरीत जिरवते. मोजून बघा, टाचेचे १८, कडांचे १६ आणि १६, वरचे ३२, झाले ८२. घोट्याच्या पुढून टाचेच्या टोकापर्यंतचा जो तिरका घेर असतो तो पायाचा सगळ्यात मोठा घेर, तिथे हे जास्तीचे १८ टाके हवेतच. मग एक फेरी सोडून एक फेरी, दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी, नऊ वेळा, आणि परत ६४. ही जी त्रिकोणी जागा तयार झाली तिला मावशी सरळ कळी म्हणते, झब्ब्याला काखेत जशी असते तशी. नुसता नळीसारखा विणलेला मोजा घालून बघा, पावलाच्या वाकात सुरकुती पडणार आणि त्या सुरकुतीवर बुटाची नाडी आवळली जाणार.

वरच्या बाजूला दोन सुलट दोन उलट चालूच, त्याने पावलाला पकड राहते. तिथे नक्षी नको, वेणी तर अजिबातच नको, नाडीखाली दाबली गेली की टोचते. हौस असेल तर घोट्याच्या वर करा. तळव्याला मात्र बघा, ती बाहेरून उलट टाके घालतेय. म्हणजे गुळगुळीत, सुलट बाजू आत, कातडीला. उलट टाक्याचे ते बारीक बारीक उंचवटे बुटाच्या बाजूला. धागा संपला तर गाठ मारत नाही, दोन धागे चार-पाच इंच एकत्र विणून पुढे जाते. तळव्याखालची गाठ म्हणजे बुटात गेलेला खडा.

[उसवणारा धागा, मांडीवर पडणारा.]

आणि हे उसवणं. माझं पाऊल २४ सेंटीमीटर लांब, मावशीने मोजा लांबीला २३ चा धरला होता, मीच हट्ट केला की ताणला जाऊन बोटं दुखतील, पूर्ण २४ कर. तिने केला. टाके एका दोऱ्यावर ओवले, मोजा माझ्या पायात, पाय बुटात, नाडी बांध आणि जिना उतर म्हणाली. दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक होतं, खाली येईपर्यंत बोटांच्या खाली घडी. १ सेंटीमीटर जास्तीचा, बास. चार फेऱ्या, अडीचशेहून जास्त टाके, सरसर उसवले. चूक माझी होती, उसवलं तिने.

शेवटचे ५ सेंटीमीटर बोटांसाठी. दोन्ही कडांना मिळून एका फेरीत चार टाके कमी, आधी एकाआड एक फेरीत, ३२ राहिले की मग प्रत्येक फेरीत, १६ राहीपर्यंत. डावा-उजवा वेगळा विणता येतो, मावशीने करूनही बघितलेत, पण आता ती दोन्ही सारखेच विणते, कारण मग पाय बदलून घालता येतात आणि झीज वाटली जाते. मला हे पटलं.

[मोठ्या नाकाची बोथट सुई, आठ टाके वर, आठ खाली.]

आता हे १६ टाके बंद करायचे, पण शिवायचे नाहीत. ऐका, ती पुटपुटतेय. "पुढची, सुलट, सोड. उलट, ठेव. मागची, उलट, सोड. सुलट, ठेव." सुईतला धागा दोन्हीकडच्या टाक्यांमधून असा फिरतो की मधे विणलेली एक नवी ओळच तयार होते. बोट फिरवून बघितलं तर जोड कुठेय ते सापडत नाही. इंग्रजीत या जोडणीला किचनरचं नाव आहे, लॉर्ड किचनर, तोच जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. खंदकात उभ्या असलेल्या सैनिकांची बोटं मोज्याच्या शिवणीने सोलवटायची म्हणून त्याने बिनशिवणीचा मोजा पुढे आणला अशी गोष्ट सांगतात. तंत्र त्याच्याही आधीपासून होतं. घरोघरच्या बायकांना येत होतं, नाव मात्र सेनापतीचं लागलं.

बाजारचा मोजा मशीनवर गोल विणला जातो, १४४, १६८, २०० सुयांची मशीन असतात, बारीक आणि एकसारखं काम होतं, पण बोटांकडचं तोंड बऱ्याचदा नंतर शिवून बंद करतात आणि ती शिवण आत राहते. चांगले, सपाट जोडाचे मोजेही मिळतात, घेताना उलटा करून आत बोट फिरवा. आणि घरात कोणाला मधुमेह असेल, २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त लोक आहेत असे, तर त्यांच्यासाठी नक्कीच बघा, कारण पायाची संवेदना गेलेली असेल तर शिवणीने झालेली जखम त्यांना कळतही नाही.

[राजगड. उतरण. फक्त पाय.]

...

[पायथा. बूट निघतो, मोजा निघतो, उघडं पाऊल.]

वरच्या बाजूला दोन सुलट दोन उलटच्या रेघा उमटल्यात. करंगळी बघा.

[मावशीची खिडकी. मोजा उजेडासमोर धरलेला.]

मी घरी येऊन सांगत होते कसा झाला ट्रेक, मावशीचं लक्ष नव्हतं. तिने मोजा उलटा केला, आत मूठ घातली, उजेडासमोर धरला आणि अंगठ्याच्या मुळाखाली लोकर किंचित फुललीय ती जागा दाखवली. तिथे भार जास्त पडतोय म्हणे तुझा. वही काढली, माझ्या नावाच्या पानावर ६४ च्या खाली लिहिलं, अंगठ्याखाली दुहेरी धागा. मग चष्मा पुसला, दोन सुया एकत्र धरल्या आणि पुढच्या जोडीचे टाके घालायला घेतले.