ट्रक थांबवला, पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरपट्ट्यातला गांजा हैदराबादमार्गे सोलापूरच्या रस्त्याला लागतो. कधी भाजीच्या क्रेटखाली, कधी भंगाराखाली. त्या रस्त्यावर प्रत्येक ट्रकची ताडपत्री सोडणं कुठल्याच नाकाबंदीला जमणार नाही. म्हणून अंमलदाराला आधी शिकवायचं ते कागद वाचायला. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, माल कुठून कुठे चाललाय? एवढा स्वस्त माल इतक्या लांब न्यायला भाडं तरी परवडतं का? ई-वे बिलाला, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्याला, साधारण २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत असते, मग गाडी मध्ये कुठे रेंगाळली? फास्टॅगच्या नोंदी ड्रायव्हरच्या बोलण्याशी जुळतात का?

एवढ्यावर शंका आली, तर मोजपट्टी काढायची. हौदा बाहेरून मोजायचा, मग आतून. फूटभर फरक निघाला तर केबिनमागे दुहेरी पत्रा असू शकतो. ताजं वेल्डिंग, जुन्या पत्र्यावरचा नवा रंग, ठोकल्यावर टाकीचा बदलणारा आवाज, हे वर्गात बसून कळत नाही. प्रशिक्षण केंद्रात जुना ट्रक आणावा, त्यात चोरकप्पा करावा आणि पोलिसांना तो शोधायला लावावा. शिकवायला ट्रकची बॉडी बांधणारे कारागीर बोलवावेत. कुठला पत्रा मूळचा आणि कुठला मागून बसवलेला, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

माझा सगळ्यात जास्त आग्रह मात्र पंचनाम्यासाठी आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात २० किलोपेक्षा जास्त गांजा म्हणजे व्यावसायिक प्रमाण, आणि शिक्षा १० ते २० वर्षं. शिक्षा इतकी कडक, म्हणून न्यायालयही प्रत्येक पायरी तपासतं, आणि ते योग्यच आहे. ड्रायव्हरची अंगझडती घ्यायची, तर ती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेतली जावी हा त्याचा हक्क त्याला आधी सांगावाच लागतो. जप्तीच्या जागीच नमुने काढायची जुनी सवयही मोडायला हवी. २०२२ च्या नियमांनुसार ते मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे. अनुभवी हवालदारांनाही हे पुन्हा शिकवावं लागेल.

आणि ड्रायव्हरला पहिल्या मिनिटापासून आरोपी समजू नये. सीलबंद खोक्यांत काय भरलंय, हे त्याला कित्येकदा कुणी सांगितलेलंच नसतं. ट्रकमालकांनो, तुमची गाडी अशा मालात सापडली तर ती सरकारजमा होऊ शकते. आपल्याला माहीत नव्हतं आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. माल भरताना काही खटकलं, तर गाडी हलवण्याआधी १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. नाव सांगितलं नाही तरी चालतं.