शिंगवाला भुंगा आणि लाकडातलं झुरळ

नमस्कार मंडळी, पावसाळी रात्री कोकणात पडवीतल्या ट्यूबलाइटवर धाडकन काहीतरी आपटतं आणि पोरं ओरडतात, गेंड्या आला गेंड्या! उचलून बघा, चारेक सेंटिमीटरचा काळाकुळकुळीत भुंगा, डोक्यावर मागे वळलेलं शिंग, नराचं जरा लांब, मुठीत धरला तर चर्रचर्र करतो. त्या शिंगाचं आपल्याला भारी कौतुक. पण माडवाल्याला विचारा! हाच शेंड्यात घुसून कोवळा कोंब कुरतडतो, मग झावळी उघडते ती कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी, आणि भोकातून चोथा बाहेर पडलेला. १९०९ च्या सुमारास श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर सामोआत पोचला, तिथेही माडांची वाट लावली. ह्याची पोरं कुठे? उकिरड्यात, शेणखतात, कुजक्या ओंडक्यात, पांढरीफटक जाडजूड वाकडी अळी. आई अंडी घालून निघून जाते, परत बघायला येत नाही.

आता झुरळ. थांबा, रेडिओ बंद करू नका, किचनमधलं नाही, कुजक्या लाकडात राहणारं! तैवानमध्ये एक जात आहे, सालगानिया, नरमादीची जोडी जमली की दोघं एकमेकांचे पंख चावून खातात, अगदी बुडापर्यंत, आणि ते परत उगवत नाहीत. म्हणजे उडून जायचा प्रश्नच मिटला, त्याच लाकडात संसार, पिल्लांना तोंडातनं भरवायचं, दोघांनी मिळून. अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगरातलं क्रिप्टोसर्कस तर पिल्लांना काही वर्षं सांभाळतं. लाकूड पचवायला पोटात सूक्ष्मजीव लागतात, ते पिल्लांना आईबापाच्या मागच्या बाजूने मिळतात, जेवताना ऐकत असाल तर सॉरी. आणि वाळवीचे सगळ्यात जवळचे नातलग हेच! २००७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संशोधकांनी तर डीएनए बघून वाळवीला सरळ झुरळांच्याच खात्यात टाकलं.

दोघांचं वाढणंही वेगळं. भुंग्याची अळी आणि भुंगा, नातं सांगितलं नाही तर पटणार नाही, मध्ये कोष लागतो. झुरळाचं पिल्लू अंड्यातूनच छोटं झुरळ, कात टाकत मोठं होतं.

मला विचाराल तर संसाराचे मार्क झुरळालाच. तुमच्याकडे माड असतील तर उकिरडा तेवढा उलटापालटा करा, अळ्या वर आल्या की कोंबड्यांना सोडा, त्या हिशोब बरोबर करतात.