खिशातले विधेयक

श्रोतेहो, नमस्कार.

पूजा सांगणारे गुरुजी मंत्र म्हणतात आणि यजमान ठरलेल्या जागी ‘मम’ म्हणतो. मंत्राचा अर्थ त्याला कळला की नाही, हे कोणी विचारत नाही. संसदेने विधेयक मंजूर करावे, मंत्रिमंडळाने सल्ला द्यावा आणि राष्ट्रपतींनी ‘मम’ म्हणावे, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि ती फारशी चुकीचीही नाही. आजचे माझे बोलणे मात्र ‘मम’ म्हणण्याची वेळ आली असताना एक यजमान गप्प बसून राहिले, त्याबद्दल आहे.

संविधानाच्या कलम 79प्रमाणे संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा हे तिन्ही मिळून. म्हणजे राष्ट्रपती हे संसदेबाहेरचे पंच नव्हेत, ते तिचेच एक अंग आहेत. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक त्यांच्यापुढे आले की कलम 111 त्यांना तीन वाटा देते: संमती देणे, संमती रोखणे, किंवा, ते धनविधेयक नसेल तर, निरोपासह फेरविचारासाठी परत पाठवणे. परत पाठवलेले विधेयक संसदेने दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना पुन्हा मंजूर केले, तर मग संमती रोखता येत नाही. परत पाठवायचे असेल तर ते ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवावे, असे कलम म्हणते. पण संमती अमुक दिवसांत द्यावीच, असे ते कोठेही म्हणत नाही. हे पुन्हा सांगतो, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे: कलम 111मध्ये संमतीला मुदत नाही. (शाळेत आपल्याला कलमांचे आकडे पाठ करायला लावतात आणि कलमात काय लिहायचे राहिले आहे, हे कोणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.)

आता ती कथा. मी ती अनेकदा सांगितली आहे आणि आजही मला आवरता येत नाही.

1982 साली ग्यानी झैलसिंग राष्ट्रपती झाले. त्याआधी ते पंजाबचे मुख्यमंत्री होते, केंद्रात गृहमंत्री होते आणि इंदिरा गांधींवरची त्यांची निष्ठा सर्वश्रुत होती. नेत्याने सांगितले असते तर आपण झाडूही हाती घेतला असता, अशा आशयाचे त्यांचे उद्गार त्या काळी फार गाजले. असा माणूस राष्ट्रपती भवनात गेल्यावर ‘मम’खेरीज दुसरा शब्द ऐकू येईल, असे फारसे कोणाला वाटले नव्हते. 31 ऑक्टोबर 1984 रोजी इंदिराजींची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळी झैलसिंग यांनी राजीव गांधींना पंतप्रधानपदाची शपथ दिली. पुढच्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेत चारशेहून अधिक जागा मिळाल्या. एवढ्या बहुमतापुढे राष्ट्रपतींच्या सहीचे ते काय मोल, असे वाटावे असेच ते दिवस होते.

पण दोघांमधले संबंध बिघडत गेले. राज्यकारभाराची माहिती राष्ट्रपतींना देणे हे कलम 78प्रमाणे पंतप्रधानांचे कर्तव्य आहे, आणि ती आपल्याला मिळत नाही, असे झैलसिंग यांचे गाऱ्हाणे होते. अशातच 1986 साली संसदेने भारतीय टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक मंजूर केले. मूळ कायदा 1898चा, इंग्रजांचा. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी टपाल अडवण्याचा अधिकार त्यातही होताच. नव्या विधेयकाने राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे घालून तो अधिकार रुंद केला. सरकार लोकांची खासगी पत्रे फोडणार, अशी ओरड वृत्तपत्रांनी आणि विरोधी पक्षांनी केली.

पत्र फोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. पोस्टकार्ड उघडेच असे. पोस्टमन ते वाचणार, हे धरूनच माणसे ते लिहीत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना तोच ते वाचून दाखवी. पण आंतर्देशीय पत्राच्या तिन्ही घड्या मुडपून, डिंकावर अंगठा दाबून धरला, की आतला मजकूर दोघांचाच होई. तो पोहोचताना कड पुन्हा चिकटवल्यासारखी, थोडी सुरकुतलेली दिसली, तर वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येई. (पत्र लिहिण्याची सवय गेली, हे मला अजून खटकते, फुलांचे तयार चित्र मोबाइलवर पुढे ढकलून पत्र लिहिल्याचे समाधान मानणाऱ्यांत माझ्याच वयाचे लोक अधिक आहेत.)

तर हे विधेयक सहीसाठी राष्ट्रपतींसमोर आले. झैलसिंग यांची अडचण पाहा. 1976च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्टपणे बंधनकारक केला होता, त्यामुळे उघड नकार देणे म्हणजे घटनात्मक पेच ओढवून घेणे होते. विधेयक संसदेकडे परत पाठवावे, तर तेवढ्या बहुमताने ते आठवड्यात पुन्हा मंजूर करून पाठवले असते आणि मग सहीवाचून सुटका नव्हती. संमती तर द्यायची नव्हती. तेव्हा त्यांनी काहीच केले नाही. सही नाही, नकार नाही, विधेयक परत नाही. घोंगडे भिजत पडले. कलम 111मध्ये मुदत नाही, म्हणून चारशेहून अधिक खासदारांच्या बहुमताला विचारणाच करता येईना.

अमेरिकेत हे असे जमत नाही. तिथल्या अध्यक्षांना रविवार वगळून 10 दिवस मिळतात. तेवढ्यात सही झाली नाही आणि काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, अधिवेशन चालू असले, तर विधेयक सहीविनाच कायदा होते, आणि अधिवेशन संपलेले असले तरच ते अध्यक्षांच्या खिशात मरते; यालाच ‘पॉकेट व्हेटो’, म्हणजे खिशातला नकार, म्हणतात. त्या खिशाला शिवण आहे. आपल्या राष्ट्रपतींच्या खिशाला तळच नाही.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. टपालाचे हे विधेयक राष्ट्रपती भवनात पडून असतानाच, मार्च 1987मध्ये, झैलसिंग यांनी पंतप्रधानांना लिहिलेले एक पत्र वृत्तपत्रात छापून आले. आपल्याला माहिती दिली जात नाही, हेच गाऱ्हाणे त्यात होते. लोकांच्या पत्रांवरचे विधेयक ज्यांनी अडवून धरले होते, त्यांचेच पत्र साऱ्या देशाने वाचले. राष्ट्रपती आता पंतप्रधानांना बडतर्फ करणार, अशा वावड्या उठल्या, तसे काही घडले नाही, आणि त्या जुलैत झैलसिंग निवृत्त झाले. विधेयक तिथेच होते. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन यांनी ते पुढे फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवले, तोवर दिल्लीत सरकारही बदलले होते. ते विधेयक पुन्हा कधी मंजूर झाले नाही; 2002 साली ते मागे घेण्यात आले.

कथा मला प्रिय आहे, पण ते हत्यार मला आवडत नाही, हेही सांगायला हवे. न बोलणाऱ्याला कारण विचारता येत नाही. झैलसिंग यांचा विरोध तत्त्वाचा होता की रुसव्याचा, हे संसदेला कधी लेखी कळलेच नाही. याउलट 2006 साली एपीजे अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक निरोपासह परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि कलाम यांना सही करावी लागली. ते हरले, असे लोक म्हणाले. माझ्या मते राष्ट्रपतींनी वापरावी ती वाट तीच. आक्षेप कागदावर आला, संसदेला त्याकडे पाहून पुन्हा मतदान करावे लागले आणि कोण कोठे उभे होते, हे सर्वांना दिसले.

संसदेच्या हातीही एक हत्यार आहे, कलम 61चा महाभियोग. त्यासाठी संविधानभंगाचा आरोप लागतो आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ते चाललेले नाही. नुसते गप्प बसणे हा संविधानभंग ठरतो काय, हा प्रश्न त्यामुळे कधी मतदानाला आलाच नाही.

टपालाच्या कायद्याचे पुढे काय झाले, ते सांगून आपली रजा घेतो. 1898चा कायदा जाऊन त्याच्या जागी टपाल कार्यालय अधिनियम, 2023 आला. त्याच्या कलम 9प्रमाणे राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, अशा कारणांसाठी टपाल अडवता, उघडता आणि रोखून धरता येते. लोकसभेने हे विधेयक 18 डिसेंबर 2023 रोजी मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती 24 डिसेंबरला मिळाली, म्हणजे सहा दिवसांत.

नमस्कार.