दारांचा हिशेब

(दृश्य: इंग्लंडमधील एका लहान शहराचे बटवडा कार्यालय. बाहेर अजून पुरते उजाडलेले नाही.)

ब्रिटनमधल्या कोणत्याही बटवडा कार्यालयात सकाळी पाऊल टाकले, की आधी नजरेत भरते ती कप्प्यांची उंच मांडणी. पोस्टमन तिला ‘फ्रेम’ म्हणतात. ज्याची जी फेरी असेल, त्या फेरीतल्या प्रत्येक घरासाठी या फ्रेममध्ये एक अरुंद खण असतो आणि रस्त्यावर घरे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने हे खण लावलेले असतात. पोस्टमन फ्रेमसमोर उभा राहतो, डाव्या हातावर पत्रांची चवड घेतो आणि उजव्या हाताने एकेक पत्र त्याच्या खणात सारतो. वर्षानुवर्षे एकच फेरी केलेला माणूस हे काम करताना घरांचे क्रमांक फारसे वाचतही नाही, कारण त्याच्या हाताला खण ठाऊक झालेले असतात.

या चवडीशेजारी आणखी एक गठ्ठा ठेवलेला आहे. त्यातल्या कागदांवर कोणाचे नाव नाही, पत्ता नाही आणि तिकीटही नाही. पिझ्झाच्या दुकानाची सवलत, खिडक्या बदलून देणाऱ्या कंपनीची जाहिरात, एखाद्या धर्मादाय संस्थेचे आवाहन असा मजकूर त्यांवर छापलेला असतो. आपण ज्याला हँडबिल म्हणतो तेच हे पत्रक. ब्रिटनचे टपाल वाटणाऱ्या रॉयल मेल या कंपनीच्या भाषेत या सेवेचे नाव ‘डोअर टू डोअर’ आहे, आणि नावातच सगळे आले, कारण हे पत्रक एका विशिष्ट माणसासाठी नसून नेमून दिलेल्या भागातल्या प्रत्येक दारासाठी असते.

महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम बहुतेक वेळा पेपरवाल्याकडे जाते. पहाटे वर्तमानपत्रांच्या घड्या घालताना विक्रेते आणि त्यांच्याकडची मुले एकेका अंकात हँडबिल सरकवतात आणि त्याचे पैसे हजारी दराने मिळतात. पेपर ज्या घरी जायचा असतो त्याच घरी हँडबिल जाते, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी पायपीट करावी लागत नाही. ब्रिटिश पोस्टमनची गोष्ट इथेच वेगळी होते, आणि हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय या पत्रकांच्या कामाचे मोल कसे मोजायचे, हा पुढचा सगळा वाद समजणार नाही.

(दृश्य: एकसारख्या घरांची लांब रांग. प्रत्येक घरापुढे छोटी बाग आणि फाटक.)

पत्ता असलेले टपाल पोस्टमनला काही दारांशीच नेते. एखाद्या दिवशी रांगेतल्या तीन घरांना पत्रे असतील आणि चौथ्याला नसेल, तर तो चौथे फाटक ओलांडून पुढे जातो. पत्ता नसलेल्या पत्रकाला मात्र अशी सूट नाही. ते प्रत्येक घरी टाकायचे असल्यामुळे त्या चौथ्या घराचेही फाटक उघडावे लागते, बागेतली वाट चालून जावी लागते, दारातली पत्र टाकायची फट शोधावी लागते आणि तीच वाट पुन्हा परत यावे लागते. पत्रक वजनाने काही ग्रॅमच असते. खरा बोजा त्याच्यामुळे वाढलेल्या दारांचा असतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका फेरीत 600 घरे आहेत आणि आठवड्याच्या मुदतीत एक पत्रक या सर्व घरी पोहोचवायचे आहे. त्यातल्या 400 घरी पत्रक टाकताना त्या दिवशी दुसरे टपालही होते असे धरले, तरी 200 दारे केवळ पत्रकासाठी करावी लागली. एका दारापाशी जाण्यायेण्याचे पंधरा सेकंद धरले, तर 3,000 सेकंद म्हणजे पन्नास मिनिटे होतात. निघण्यापूर्वी 600 पत्रके एकेका खणात घालायला प्रत्येकी तीन सेकंद लागले, तर आणखी अर्धा तास गेला. ही आकडेमोड आम्ही केवळ समजण्यापुरती केली आहे. टेकडीवरचे गाव, लांब बागा असलेली वस्ती किंवा जिने असलेल्या इमारती यांप्रमाणे ती बदलेल. एका आठवड्याला अशी तीन, चार किंवा पाच वेगवेगळी पत्रके असली तर जास्तीची दारे तितक्या पटीने वाढत नाहीत, कारण ती एकाच खेपेत टाकता येतात. पण खणात घालण्याचे काम पत्रकागणिक वाढते आणि पिशवीचे वजनही वाढते. रॉयल मेलमध्ये पिशवीच्या वजनाला 16 किलोंची मर्यादा आहे. त्या मर्यादेमुळे पिशवी हलकी राहते हे खरे, पण उरलेला माल पुढच्या खेपेला उचलायचा असतोच.

या कामाचा मोबदला पूर्वी वेगळा मिळत असे. पत्ता नसलेली पत्रके हे नेहमीच्या बटवड्याबाहेरचे काम मानले जाई आणि पोस्टमनला त्यासाठी नगामागे काही पैसे ठरलेले होते. रक्कम किरकोळ असली तरी तत्त्व स्वच्छ होते: जितकी पत्रके, तितके पैसे. शिवाय एका घरी आठवड्याला तीनपेक्षा जास्त पत्रके टाकायची नाहीत, अशी मर्यादाही होती. ही मर्यादा उठवण्याचा बेत 2006 मध्ये जाहीर झाला, तेव्हा वेल्समधल्या बॅरी गावच्या एका पोस्टमनने असली पत्रके नको असतील तर काय करावे हे सांगणारे स्वतःचे पत्रक छापून आपल्या फेरीतल्या घरांत वाटले. त्याला निलंबित करण्यात आले आणि ती बातमी देशभर गाजली. आपल्याला पत्रके नाकारता येतात, हे अनेक घरांना त्या बातमीतूनच पहिल्यांदा कळले.

(दृश्य: संपाचे जुने छायाचित्र. फाटकाबाहेर शेकोटीभोवती उभे असलेले कामगार.)

खरा बदल 2010 मध्ये झाला. त्याआधीच्या वर्षी, ऑक्टोबर 2009 मध्ये, पोस्टमनांनी देशव्यापी संप केला होता. फेऱ्यांच्या क्रमाने पत्रे लावून देणारी यंत्रे येत होती, कार्यालयातले काम कमी होऊन रस्त्यावरचे वाढत होते आणि या आधुनिकीकरणाची किंमत कोणी मोजायची, हा त्या संपामागचा प्रश्न होता. मार्च 2010 मध्ये रॉयल मेल आणि पोस्टमनांची संघटना कम्युनिकेशन वर्कर्स युनियन यांच्यात समझोता झाला व सभासदांनी मतदान करून तो मान्य केला. तीन वर्षांत मिळून 6.9 टक्के पगारवाढ आणि आठवड्याचे काम 40 ऐवजी 39 तासांचे, ही त्यातली सर्वांना दिसणारी कलमे होती. त्याच समझोत्यात पत्ता नसलेली पत्रके नेहमीच्या कामात धरण्यात आली. नगामागचा मोबदला बंद झाला, त्याऐवजी बटवड्याच्या कर्मचाऱ्यांना दर आठवड्याला एक ठरावीक पूरक रक्कम मिळू लागली आणि तीन पत्रकांची मर्यादाही गेली.

हा समझोता पोस्टमनांवर लादला गेला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. संघटनेने वाटाघाटी केल्या होत्या, मते पडली होती, आणि ठरावीक रकमेत एक सुरक्षितताही होती: ज्या फेरीत पत्रके कमी येत, तिथल्या माणसालाही तेवढेच पैसे मिळू लागले. तरीही एक गोष्ट हातून निसटली, असे आम्हाला वाटते. नगावर पैसे मिळत होते तोवर प्रत्येक जादा पत्रकाची नोंद कुठेतरी होत होती आणि ती पैशांत दिसत होती. ते काम रोजच्या कामात मिसळले, तेव्हापासून पाचव्या पत्रकाचे मोल पोस्टमनच्या पगारपत्रकात कुठेही दिसेनासे झाले. जाहिरातदाराकडून त्याचेही पैसे येतात, पण चालणाऱ्या माणसाच्या बाजूला ते फक्त मिनिटांच्या रूपात उरते. म्हणून ती मिनिटे कोण मोजतो आणि कशी मोजतो, या एकाच प्रश्नावर सगळा न्याय टांगलेला आहे. फेरीची आखणी करताना पत्रके असलेला आठवडा धरला की नसलेला, पावसाळी दिवस धरला की कोरडा, फेरी मुरलेल्या माणसाची धरली की नव्या माणसाची, यावरून एकाच फेरीची दोन वेगवेगळी उत्तरे निघू शकतात.

कॅनडामध्ये टपाल वाटणाऱ्यांना अशा पत्रकांसाठी नगामागे पैसे देण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. तिथे लेटरबॉक्सवर ‘जाहिराती नकोत’ अशी चिठ्ठी लावली तर टपालखाते ती मानते. ब्रिटनमध्ये नुसती चिठ्ठी पुरत नाही. रॉयल मेलकडे रीतसर अर्ज करावा लागतो आणि तो दोन वर्षांपुरताच लागू राहतो. पोस्टमनच्या दृष्टीने पाहिले, तर अशी प्रत्येक नोंद म्हणजे लक्षात ठेवायचे आणखी एक दार: सतरा क्रमांकाला टाकायचे, एकोणीसला टाकायचे नाही, एकवीसला पुन्हा टाकायचे.

(दृश्य: दाराच्या तळाशी असलेली पितळी फट. वाकलेला हात जवळून दिसतो.)

हा हात थोडा वेळ पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमधल्या कितीतरी दारांना पत्राची फट अगदी तळाशी, जवळजवळ उंबरठ्याला टेकलेली असते. तिथे पोहोचायला कमरेतून पूर्ण वाकावे लागते. फटीला बाहेरून स्प्रिंगची झडप आणि आतून थंडी अडवणारा ब्रश असतो. जाड पाकीट स्वतःच्या ताठपणाने आत जाते, पण पातळ गुळगुळीत पत्रक ब्रशला अडून दुमडते, म्हणून ते दोन बोटांनी आतपर्यंत ढकलावे लागते. त्या दोन बोटांवर झडप मिटते आणि पलीकडे कुत्रा असेल तर तोही त्याच बोटांची वाट पाहत असतो. युरोपीय मानकाप्रमाणे ही फट जमिनीपासून 70 सेंटिमीटरपेक्षा खाली असू नये. नव्या घरांना तरी हा नियम सक्तीचा करावा, म्हणून 2019 मध्ये ब्रिटिश संसदेत एक विधेयकही मांडले गेले होते. पाठदुखी आणि बोटांच्या जखमा यांना कारण केवळ पत्रके नाहीत, हे उघड आहे. मात्र प्रत्येक जादा दार म्हणजे एक जादा वाकणे असते, हेही तितकेच उघड आहे.

मग ही पत्रके बंदच करावीत का? बहुतेक पोस्टमनही असे म्हणणार नाहीत, आणि त्याचे कारण आकड्यांत आहे. 2004-05 च्या सुमारास रॉयल मेल वर्षाला 20 अब्ज पत्रे वाटत असे. 2023-24 मध्ये ही संख्या 6.7 अब्जांवर आली. एका घरी आठवड्याला सरासरी 14 पत्रे येत असत, तिथे आता चार येतात. घरांची संख्या मात्र वाढतच गेली आहे. देशातल्या प्रत्येक पत्त्यावर एकाच दराने पत्र पोहोचवण्याची जबाबदारी कायद्याने अजून रॉयल मेलवर आहे, आणि ती जबाबदारी निभावायला पैसा जिथून येतो, त्यातली एक वाट या पत्रकांची आहे. स्कॉटलंडच्या बेटावर राहणाऱ्या म्हातारीचे पत्र वेळेवर पोहोचावे, यात पिझ्झाच्या हँडबिलाचाही वाटा असतो.

शिवाय सगळीच पत्रके पिझ्झाची नसतात. 1987 मध्ये एड्सविषयी सावध करणारे सरकारी पत्रक देशातल्या घराघरांत पोहोचवले गेले. युरोपीय संघात राहायचे की नाही, यावरच्या 2016 च्या सार्वमताआधी सरकारने आपली बाजू मांडणारी पुस्तिका सुमारे 2 कोटी 70 लाख घरांना पाठवली. संसदेच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला आपले एक पत्रक टपालखर्चाशिवाय मतदारांपर्यंत पोहोचवण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि ज्यांनी जाहिराती नाकारल्या आहेत त्यांच्या दारीही ते जाते. प्रत्येक दार ठाऊक असलेला माणूस रोज रस्त्यावर असतो, म्हणूनच हे शक्य होते. ही व्यवस्था मौल्यवान आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्यावर टाकलेले प्रत्येक काम मोजून टाकायला हवे.

भारतीय टपाल खात्यानेही 2005 पासून ‘डायरेक्ट पोस्ट’ या नावाने पत्ता नसलेल्या पत्रकांचा बटवडा सुरू केला आहे. पुण्यामुंबईच्या पोस्टमनकडे आज स्पीड पोस्ट, बँकांची कार्डे, आधारशी संबंधित कामे आणि टपाल बँकेचे व्यवहार आहेत. खेड्यातल्या ग्रामीण डाक सेवकाची वस्ती तर वाड्यापाड्यांवर विखुरलेली असते. त्यांच्या बीटमध्ये कधी अशा पत्रकांचे गठ्ठे वाढलेच, तर रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतली दोन दारे आणि दादरच्या एका मजल्यावरची दोन दारे एकाच मापाने मोजून चालणार नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न आता नव्या वळणावर आला आहे. 28 जुलै 2025 पासून दुसऱ्या वर्गाची, म्हणजे कमी दराची आणि सावकाश जाणारी पत्रे रोज न वाटता एक दिवसाआड वाटण्याची मुभा रॉयल मेलला मिळाली. म्हणजे कोणत्याही एका दिवशी पत्र नसलेल्या दारांची संख्या आणखी वाढणार, आणि फेऱ्या नव्याने आखताना ही दारे मोकळी धरायची की पत्रकासाठी करायची दारे म्हणून धरायची, हे कोणाला तरी कागदावर लिहावे लागणार.

(दृश्य: दुपार. तेच कार्यालय. फ्रेमचे सगळे खण रिकामे आहेत.)

पोस्टमन परत आला आहे. त्याने रिकामी पिशवी खुंटीला अडकवली, ओला कोट काढला आणि झडपेने सोललेल्या बोटाला चिकटपट्टी लावली. त्याच्या फ्रेमखाली पुढच्या आठवड्याचे गठ्ठे येऊन पडले आहेत. घरी जाण्यापूर्वी तो खाली वाकून त्यांवरची चिठ्ठी पाहतो: चार पत्रके, प्रत्येकी सहाशे.