जुन्या मडक्याच्या तळाशी काय होतं?

नमस्कार श्रोतेहो. आज दारूबद्दल बोलायचंय, पण आत्ताच्या नाही, हजारो वर्षांपूर्वीच्या. उत्खननात सापडलेल्या भांड्यांच्या तळाला जे काही चिकटलेलं असतं त्यावरून ते पेय परत कसं बनवतात, हे सांगायचंय. मी नाशिकजवळ एका वाईनरीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय.

पहिली गोष्ट म्हणजे अल्कोहोल टिकत नाही, ते उडून जातं. म्हणून जुन्या भांड्यात कुणी अल्कोहोल शोधतच नाही, शोधतात त्या मागे राहिलेल्या खुणा. द्राक्षाची खूण म्हणजे टार्टारिक ॲसिड. आमच्याकडे वाईन थंड करून ठेवली की टँकच्या आतून खड्यांचा थर बसतो, व्हाईट असेल तर पांढरा, रेड असेल तर जांभळट, आणि टँक रिकामा झाल्यावर आत टॉर्च मारला तर अख्खी भिंत चमचमते, नखाने खरवडलं तर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं बोटाला लागतं. हा त्याच टार्टारिकचा क्षार, आणि मातीच्या भांड्याच्या छिद्रांत मुरला तर तो हजारो वर्षं राहू शकतो. बार्लीच्या बिअरची खूण वेगळी, कॅल्शियम ऑक्झलेट, ज्याला बिअरवाले बिअरस्टोन म्हणतात. मध असेल तर मधमाश्यांच्या मेणाचे अंश सापडतात.

आता तुर्कस्तानातल्या गॉर्डियनची गोष्ट ऐका. 1957 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी तिथे एक मोठा मातीचा ढीग खणला, आत लाकडाची खोली, त्यात साठीच्या पुढच्या एका माणसाचा सांगाडा आणि दीडशेहून जास्त ब्राँझची भांडी. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली ही कबर, मिडास राजाची म्हणा किंवा त्याच्या वडिलांची. भांड्यांच्या तळाशी वाळलेला साका होता, तो खणणाऱ्यांनी फेकला नाही, कागदी पिशव्यांत भरून म्युझियममध्ये ठेवला, आणि तिथे तो जवळजवळ चाळीस वर्षं पडून राहिला. मग जुन्या पेयांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तो तपासला, तर द्राक्ष, बार्ली आणि मध या तिन्हींच्या खुणा एकाच साक्यात! म्हणजे वाईन, बिअर आणि मधाची दारू असं सगळं एकत्र केलेलं पेय.

2000 साली मॅकगव्हर्न यांनी बिअर बनवणाऱ्यांना हे बनवून बघा म्हणून सांगितलं, आणि अमेरिकेतल्या डॉगफिश हेड या बिअर कंपनीच्या सॅम कॅलाजिओनी यांनी ते बनवलं, मिडास टच नावाने बाजारातही आणलं. बिअर म्हटली की कडवटपणा हवा, पण तो आणणारी हॉप्स नावाची फुलं त्या काळी तिकडे वापरत नव्हते, म्हणून त्यांनी केशर घातलं. भांड्यात केशर सापडलेलं नव्हतं बरं का, तो त्यांचा अंदाज, आणि तसं त्यांनी उघडपणे सांगितलंही. मला ही गोष्ट फार आवडते. साक्यावरून काय काय होतं ते कळतं, पण किती होतं, आधी काय टाकलं, किती दिवस ठेवलं, हे कळत नाही, तिथे माणसाला स्वतःचं डोकं चालवावं लागतं. मग पुरावा कुठे संपला आणि आपला अंदाज कुठे सुरू झाला हे सांगितलं तर ते काम प्रामाणिक, नाहीतर नुसती जाहिरात.

चीनमध्ये जियाहू इथे तर नऊ हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत तांदूळ, मध आणि फळ यांचं आंबवलेलं पेय सापडलं, 2004 मध्ये ते जाहीर झालं. इस्रायलमध्ये 2019 साली त्याही पुढची गोष्ट झाली, जुन्या मडक्यांच्या छिद्रांतून जिवंत यीस्ट काढलं आणि त्याच यीस्टने बिअर केली. ते यीस्ट जुन्याच यीस्टचं वंशज असं त्यांचं म्हणणं, आणि बाहेरून आलेलं नाही हे बघायला त्यांनी ज्यात दारू नव्हती अशी भांडीही तपासली.

मग आपल्याकडे का नाही? नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केलं, त्याच वेळी संगमनेरजवळ जोर्व्याला. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीची ती लाल, काळ्या नक्षीची तोटीची भांडी तुम्ही फोटोत बघितली असतील, लांब तोटी, अगदी ओतण्यासाठीच केलेली. काय ओतत असतील? पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला याच लोकांच्या घरांत बार्ली सापडलीय, म्हणजे कच्चा माल तर होता. नंतर सातवाहन काळात भडोच बंदरात इटलीची वाईन उतरायची असं पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलंय, आणि नेवाशाला रोमन अँफोराचे, म्हणजे वाईन-तेल आणायच्या उंच मडक्यांचे तुकडे मिळालेत.

पण इथे एक अडचण आहे आणि ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. टार्टारिक ॲसिड चिंचेत भरपूर असतं. तुर्कस्तानात ते सापडलं की द्राक्ष म्हणता येतं, आपल्याकडच्या खापरात सापडलं तर आधी चिंच आठवायला हवी. उद्या कुणी नाशिकला खापरात टार्टारिक मिळालं म्हणून दोन हजार वर्षांची नाशिक वाईन असं लेबल छापलं तर मी पहिली विरोध करेन. द्राक्षाच्या बिया मिळाल्या का, सोबत आणखी काय सापडलं, हे बघायलाच हवं.

आणि आपल्याकडे जे आहे ते तिकडे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मेदक नावाच्या तांदळाच्या दारूचं मापच दिलंय, सोळा मापं पाणी, दोन मापं तांदूळ, तीन मापं किण्व, आणि किण्व म्हणजे उडीद, तांदूळ आणि काही वनस्पती मिळून केलेलं विरजण. भांडं जे प्रमाण सांगत नाही ते इथे पोथीत लिहून ठेवलंय! शिवाय पेठ-सुरगाण्याकडे मोहाची फुलं वेचणारी, वाळवून भिजत घालणारी माणसं आजही आहेत, फुलं किती वाळली की पुरे, भिजत घातल्यावर वास कधी बदलतो, हे त्यांना हाताने आणि नाकाने कळतं, आमच्या लॅबमधल्या मीटरला ते कळायला वेळ लागतो. या लोकांना नुसतं माहिती देणारे म्हणून नको, कामात बरोबरीने घ्यायला हवं, त्यांचं नाव आणि मोबदला दोन्ही.

म्हणून पुढे कुठेही खणलं तर माझी एकच विनंती आहे, सगळी खापरं धुऊ नका. तोटीच्या आतला आणि बुडाचा एखादा तुकडा हात न लावता फॉइलमध्ये ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, त्यातली रसायनं खापरात उतरतात, आणि शेजारची चिमूटभर मातीही वेगळी ठेवा, म्हणजे जे सापडलं ते भांड्यातलं की जमिनीतलं हे ताडून बघता येईल. तपासणीची मशीन आज नसली तरी चालेल, गॉर्डियनचा साका चाळीस वर्षं थांबलाच होता.