एव्ह्रो ५०४ : आधी इंजिन, मग उड्डाण

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या महायुद्धात असंख्य ब्रिटिश वैमानिकांनी एव्ह्रो ५०४ या दुपंखी विमानावर धडे गिरवले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं लिननचं कापड, एकामागे एक दोन आसनं. दिसायला साधं, पण ते शिकायचं म्हणजे आधी त्याचं इंजिन सांभाळायला शिकायचं.

११० अश्वशक्तीच्या ल रोन इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य आस, जागच्या जागी राहतो आणि नऊच्या नऊ सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरतात. वंगण एरंडेलाचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. वापरलेलं तेल टाकीत परत येत नाही, बाहेर उडतं आणि थेट वैमानिकाच्या चष्म्यावर बसतं. हाताशी फडकं हवंच.

हवेचा एक दांडा, पेट्रोलचा दुसरा. दोहोंचा मेळ आपणच घालायचा. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर निघतो आणि इंजिन गप्प होतं. घाबरलेला नवशिका आणखी पेट्रोल सोडतो, आणि तिथंच घात होतो. पेट्रोल बंद करा, नाक खाली ठेवून वेग राखा, काही सेकंद कळ काढा. साचलेलं पेट्रोल निघून गेलं की इंजिन पुन्हा धरतं. मग पेट्रोलचा दांडा हळूहळू पुढे घ्या. नुकतं जमीन सोडलेलं असताना इंजिन बंद पडलं, तर मैदानाकडे वळण्याचा मोह टाळा. वेग आधीच कमी असतो, वळताना पंखांचा आधार सुटतो. समोर जे शेत दिसेल, त्यात उतरा.

१९१७ साली इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला ब्रिटिश वैमानिक रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी शिक्षणाचा ढाचाच बदलला. विद्यार्थी वैमानिकाच्याच आसनावर बसू लागला, आणि शिक्षकाचा आवाज रबरी नळीतून थेट त्याच्या कानात पोहोचू लागला. धोके टाळायचे नाहीत, ते मुद्दाम ओढवून त्यातून बाहेर पडायचं, ही त्यांची शिकवण मला सर्वांत मोलाची वाटते.

स्पिनचंच घ्या. विमान गिरक्या घेत कोसळायला लागलं की हात आपोआप दांडी, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी काठी, पोटाशी ओढतात. त्यानं पंखांना हवेचा आधार मिळतच नाही आणि गिरक्या चालूच राहतात. इंजिन बंद, गिरकीच्या उलट बाजूला रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू), दांडी पुढे. गिरकी थांबताच रडर मधे आणि विमान अलगद सरळ. हा सराव भरपूर उंचीवरच करायचा.

वळणातली चूक गालावर कळते. डावीकडे वळताना डाव्या गालावर वारा लागला, तर विमान आत घसरतंय: कल कमी करा किंवा डावं रडर थोडं वाढवा. उजव्या गालावर लागला तर रडर जास्त झालंय.

उतरताना दांडीवरचं बटण दाबून इंजिनाची ठिणगी तोडायची, म्हणजे इंजिनाचा जोर थांबतो; सोडलं की इंजिन पुन्हा पूर्ण जोरात. मात्र बटण दाबूनच ठेवलं तर न जळलेलं पेट्रोल साचतं, प्लग खराब होतात, कधी भडकाही उडतो. म्हणून लांबच्या उतरणीत पेट्रोलच बंद करा. ब्रेक नाहीत, त्यामुळे वाऱ्याला तोंड देऊन, चाकं आणि शेपटीची पट्टी एकदम टेकवा. मोठी उसळी बसली आणि इंजिन चालू असेल, तर बटण सोडा आणि पुन्हा एक फेरी मारा.